पाकाल राजाचा खरा चेहरा कुठला?

नेहमीप्रमाणे कुणी बसमध्ये असाल, कुणी जिममध्ये, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल. आज एक छोटं काम देतो. हा भाग संपला की फोनची गॅलरी उघडा आणि तुमच्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचा फोटो शोधा. का, ते शेवटी सांगतो.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी माझी ओळख. मी बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गेली तीन वर्षं एका कॅमेरा अ‍ॅपवर काम करतोय. आमच्या टीमकडे जे फीचर आहे त्याला ऑफिसात 'स्किन स्मूदनिंग' म्हणतात. तुम्ही त्याला ब्यूटी फिल्टर म्हणता. त्याचं काम सोपं आहे. चेहऱ्यावरच्या प्रत्येक पिक्सेलची शेजारच्या पिक्सेलांशी सरासरी काढायची, फक्त डोळे, ओठ, भुवया यांच्या कडा सोडून द्यायच्या. सुरकुती, डाग, तीळ, हे सगळं प्रोग्रामच्या दृष्टीनं 'नॉइज', म्हणजे कचरा. कचरा गेला की चेहरा गुळगुळीत.

गेल्या वर्षी माझी आजी गेली. आईची आई. वाईला असायची, जुन्या वाड्यात. तेराव्याच्या आदल्या दिवशी तिचा मोठा फोटो फ्रेम करून आला. आईनं कागद सोडला, फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "ही कोण?"

आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं. हिरवट, तीन ठिपक्यांचं. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून ते ठिपके मोजायचो. फोटोत ते नव्हतं. गालावरच्या सुरकुत्या नव्हत्या. साडी आजीची, चष्मा आजीचा, मधे भलतीच कुणी बाई. मी तणतणत स्टुडिओत गेलो. तिथल्या काकांनी शांतपणे मूळ फाइल उघडून दाखवली. "दादा, आम्ही हात लावला नाही. फोटोतच नव्हतं ते."

खरंच नव्हतं. कारण तो फोटो मीच काढला होता. दिवाळीत, आमच्याच अ‍ॅपची नवी आवृत्ती तपासताना. फिल्टर आधीपासून चालू होता आणि मूळ फोटो साठवायची सोय मी बंद ठेवली होती, फोनमधली जागा वाचावी म्हणून. कुणाला दोष देणार?

त्यानंतर बरेच दिवस मी रात्री जागून चेहरे बघत बसायचो. मूर्ती, पुतळे, जुनी चित्रं. कॅमेरा नव्हता तेव्हा लोक आपल्या माणसाचा चेहरा मागे कसा ठेवायचे, हे बघत होतो. आणि असंच बघताना मला मेक्सिकोतल्या एका राजाचं डोकं सापडलं. म्हणजे फोटो सापडला, डोक्याचा. चुन्याचं डोकं. आजचा भाग त्या डोक्याबद्दल आहे.

तर मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापास नावाचं राज्य आहे. तिथल्या डोंगरउतारावर, दाट पावसाळी जंगलात, पालेंके नावाचं माया लोकांचं प्राचीन शहर आहे. आज ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. 'माया' म्हटलं की आपल्याला २०१२ साली जग बुडणार होतं तेवढंच आठवतं. ते विसरा. आणि माया लोक 'गायब झाले' हेही विसरा. त्यांची जुनी शहरं ओस पडली, माणसं नाही. पालेंकेच्या आसपासच्या गावांत आजही चोल ही माया भाषा बोलली जाते, आणि मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ मिळून माया भाषा बोलणारे लाखो लोक आहेत.

या पालेंकेचा सगळ्यात मोठा राजा म्हणजे किनिच हनाब पाकाल. आपण नुसतं पाकाल म्हणू. जन्म इ.स. ६०३, गादीवर आला ६१५ मध्ये. म्हणजे बारा वर्षांचा होता. त्याआधी ५९९ आणि ६११ मध्ये कालाकमुल नावाच्या बलाढ्य राज्यानं पालेंकेवर हल्ले केले होते. मोडलेलं राज्य आणि सातवीतल्या पोराच्या वयाचा राजा. तो मेला ६८३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. अडुसष्ट वर्षं राज्य केलं. एवढ्या अचूक तारखा कशा माहीत? कारण माया लोक तारखा दगडात कोरून ठेवायचे, आणि गेल्या शतकात अभ्यासकांनी ती लिपी वाचायला शिकून घेतली.

आता पाकालची कबर कशी सापडली ते ऐका.

पालेंकेत एक पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड आहे, वर मंदिर. आत लांबलचक लेख कोरलेत म्हणून त्याला 'शिलालेखांचं मंदिर' म्हणतात. १९४० च्या दशकाच्या शेवटी आल्बेर्तो रूस नावाचे मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ तिथे काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की मंदिराच्या जमिनीतल्या एका मोठ्या फरशीला भोकं आहेत आणि ती दगडी बुचांनी बंद केलीत. फरशी उचलली. खाली जिना. पण तो जिना दगडमातीनं मुद्दाम ठासून भरलेला. तो मोकळा करायला चार हंगाम लागले. १९५२ च्या जूनमध्ये ते पिरॅमिडच्या थेट तळाशी पोचले. तिथे एक खोली, खोलीत प्रचंड दगडी शवपेटी, तिच्यावर एका अखंड शिळेचं कोरीव झाकण. आत पाकाल, चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा.

तो मुखवटा आणि ते झाकण जगप्रसिद्ध आहेत. झाकणावरच्या चित्रात पाकाल रॉकेट चालवतोय असं म्हणणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तो रॉकेट चालवत नाहीये. त्याच्यामागे जगाच्या मध्यभागी उभं असलेलं झाड आहे, आणि तो मक्याच्या देवासारखा मरणातून पुन्हा उगवतोय. एवढं सांगून रॉकेटचा विषय संपवू या.

मला भेटलं ते या शवपेटीच्या वर किंवा आत नव्हतं. तिच्या खाली होतं. पेटी दगडी आधारांवर उभी आहे आणि खालच्या मोकळ्या जागेत, जमिनीवर, दोन डोकी ठेवलेली होती. दगडाची नाहीत, जेडची नाहीत. चुन्याची. यालाच स्टुको म्हणतात, चुन्याच्या गिलाव्यातून घडवलेलं शिल्प. दोन्ही मानेशी तुटलेली. म्हणजे मुळात ती कुठल्या तरी इमारतीवरच्या पूर्ण पुतळ्यांची डोकी होती. राजा गेला तेव्हा त्या पुतळ्यांची डोकी तोडून आणली आणि त्याच्या पेटीखाली ठेवली. आज ती मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहेत.

त्यातलं मोठं डोकं पाकालचं मानतात. दुसरं कुणाचं यावर मतभेद आहेत. काही म्हणतात त्याच्या राणीचं, काही म्हणतात पाकालचंच, लहान वयातलं.

मोठ्या डोक्याचा चेहरा बघा. आत्ता मनातल्या मनात, नंतर फोनवर शोधा. गाल खोल गेलेले, गालफडं वर आलेली. जाड ओठ किंचित उघडे, आता काहीतरी बोलेल असे. कपाळ मागे उतरतं झालेलं. माया घराण्यांमध्ये तान्ह्या बाळाचं डोकं फळ्यांमध्ये बांधून असा आकार देत. नाकाची रेषा थेट कपाळाच्या मध्यापर्यंत चढवलेली. केसांच्या बटा पायऱ्यापायऱ्यांनी कापलेल्या आणि वरचे केस उंच बांधून पुढे झुकवलेले, मक्याच्या कणसावरच्या पानांसारखे. त्यांच्या देवांमध्ये मक्याचा देव तरुण आणि देखणा, म्हणून राजाही तसाच दिसायला हवा.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी म्हटलं, हा तर फिल्टर आहे! ऐंशी वर्षांचा माणूस मेला आणि त्याच्याबरोबर चेहरा ठेवला पंचविशी-तिशीतला. झाकणावर तरुण. जेडच्या मुखवट्यावर तरुण. तेराशे वर्षांपूर्वीचं स्किन स्मूदनिंग. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, माणसं पहिल्यापासून हेच करत आलीत, मी एकटाच पापी नाही.

पण मग हे बनवायचे कसे ते वाचायला घेतलं, आणि माझी पळवाट हळूहळू बंद होत गेली.

आधी चुना. चुनखडीचे दगड लाकडाच्या मोठ्या ढिगावर रचायचे आणि पेटवायचे. आठशे अंशांच्या वर तापमान गेलं की दगडातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसून, वाफा सोडत विरतो आणि मऊ लगदा होतो. हा लगदा भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत आत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगड मऊ करायचा, हवा तसा घडवायचा आणि त्याला परत दगड होऊ द्यायचं. दहावीच्या रसायनशास्त्रात समीकरण होतं हे. तेव्हा कुणी सांगितलं नाही की यातून माणसांचे चेहरे बनतात.

लगद्यात नुसता चुना नसायचा. झाडांच्या सालींचा चिकट रस घालायचे. २०२३ साली स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठाच्या संशोधकांनी होंडुरासमधल्या कोपान या माया शहरातल्या गिलाव्याचे नमुने तपासले. मग चुकुम आणि हिओते या तिथल्या झाडांच्या सालींचा रस चुन्यात घालून स्वतः गिलावा बनवून पाहिला. त्या रसातले सेंद्रिय पदार्थ चुन्याच्या स्फटिकांच्या आत जाऊन बसतात, शिंपल्यांच्या कवचात बसतात तसे. त्यामुळे गिलावा सहजासहजी तडकत नाही आणि पावसापाण्यातही टिकतो.

हे वाचलं आणि मला वाईचा वाडा आठवला. मागच्या बाजूच्या भिंतीचा जुना गिलावा आठवला. डागडुजीला आलेले गवंडीकाका पोरांना सांगायचे, की पूर्वी चुना घाणीत दळायचे आणि त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालायचे. मी तेव्हा हसलो होतो. भिंतीत गूळ! मुंग्या नाही का लागत? माया लोकांचा आणि आपला त्या काळी काही संबंध नव्हता. समुद्राच्या दोन टोकांना दोन वेगळे कारागीर एकाच गोष्टीपाशी पोचले, की नुसता चुना पुरत नाही, त्यात झाडाचं काहीतरी पडावं लागतं.

आता घडवणं. दगडात कोरताना चूक झाली तर झालीच, तिथे अनडू नाही. चुन्यात तसं नाही. आत छोट्या सपाट दगडांचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर थरावर थर चढवायचे. गाल कमी वाटला, भर घाला. हनुवटी जास्त झाली, खरवडा. त्यामुळे दगडापेक्षा चुन्यात चेहऱ्यातलं बारीकसारीक जास्त पकडता येतं. पालेंकेतला दगड बारीक पोताचा, त्यात उथळ कोरीव काम सुंदर केलंय त्यांनी. पण भिंतीतून बाहेर येणारं, मांसल वाटणारं माणूस हवं असलं की ते चुन्याकडे वळायचे. राजवाड्याच्या खांबांवर, मंदिरांच्या खांबांवर, छतांवर अशी माणसंच माणसं होती. आणि ती पांढरी नव्हती बरं का. रंगवलेली होती. माणसाचं अंग लाल, देवांच्या आणि मौल्यवान गोष्टींचा रंग निळा.

हे आपल्याला इतक्या तपशिलात माहीत आहे ते बरंचसं एका बाईंमुळे. मर्ल ग्रीन रॉबर्टसन, अमेरिकन चित्रकार. त्यांनी पालेंकेत वर्षानुवर्षं राहून तिथल्या प्रत्येक शिल्पाची मोजमापं घेतली, फोटो काढले, रंग टिपले. ते काम चार मोठ्या खंडांत छापलंय. १९८२ मध्ये एल चिचोन नावाचा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख पालेंकेवर पडली. रंगीत चुन्याच्या कामाला ती राख चांगली नव्हती. त्याआधीची त्यांची टिपणं आहेत म्हणून आज निदान ताडून बघता येतं.

तर या रॉबर्टसनबाईंना एक गोष्ट दिसली. वरचे थर गळून पडले होते तिथे खाली काय आहे ते उघडं पडलं होतं. आणि खाली होतं उघडं शरीर. पूर्ण घडवलेलं. म्हणजे माया कारागीर आधी आख्खा माणूस घडवायचे. मांड्या, गुडघे, पोट, सगळं नीट. मग त्यावर लंगोट, त्यावर कमरेचं वस्त्र, त्यावर पट्टा, त्यावर एकेक मणी. अगदी आपण कपडे घालतो त्या क्रमानं. वस्त्राखाली जाणारी मांडी कुणालाही कधीही दिसणार नव्हती. तरी ती घडवली.

मी हे वाचून थांबलो. कारण आमच्या प्रोग्राममध्ये आत काहीच नाही. त्याला गाल म्हणजे काय माहीत नाही. तो आजीला बघत नव्हता. त्याच्यासमोर आकडे होते आणि तो त्यांची सरासरी काढत होता. पाकालला तरुण करणाऱ्या माणसाला मात्र आधी हाडं कुठे आहेत, मांस कुठे सैल पडतं, ओठ कुठून वळतो हे बघावं लागलं. मग त्यानं त्यावर तारुण्य चढवलं. त्याची सजावट वरच्या थरात होती. खाली माणूस होता.

अजून एक गोष्ट आहे, आणि तिनं मला खरं पकडलं.

पाकालनंतर त्याचा मुलगा कान बालाम ६८४ मध्ये गादीवर आला. शिलालेखांच्या मंदिराच्या दर्शनी खांबांवरही चुन्याची शिल्पं आहेत. मोठी माणसं हातात एक मूल घेऊन उभी आहेत. एक पाय सापाचा असलेलं, देवासारखं मूल. एका खांबावर, त्याच्या माणसासारख्या पायाला सहा बोटं आहेत. चूक नाही, मोजून सहा. अभ्यासक हे मूल म्हणजे कान बालाम मानतात, कारण त्याच्या इतर काही प्रतिमांमध्येही हाताला किंवा पायाला सहावं बोट दाखवलंय. म्हणजे त्याला जन्मतः सहा बोटं असावीत.

आता विचार करा. देव म्हणून दाखवायचंय. राज्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या इमारतीवर. रंगवून, सजवून. कारागिराच्या हातात ओला चुना आहे, एक बोट कमी करायला त्याला पाच सेकंद लागले असते. त्यानं ते ठेवलं. लोकांनी बघितलं की कळावं, हा आपला कान बालाम. सहावं बोट हीच खूण. त्या देवपणाच्या सगळ्या थाटात तेच सांगतं की हा कुणीही देव नाही, हा अमुक माणूस आहे.

आमच्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. प्रोग्रामनं ते कचरा म्हणून काढून टाकले.

आता शेवटचा चेहरा. २०१८ मध्ये पालेंकेच्या राजवाड्यात, ज्याला पुरातत्त्वज्ञ 'ई घर' म्हणतात तिथे, उत्खननात चुन्याचा एक मुखवटा सापडला. हे घर पाकालच्याच काळातलं, इ.स. ६५४ मधलं. तिथे त्याचं सिंहासन होतं. मुखवट्यावर म्हाताऱ्या माणसाचा चेहरा आहे. सुरकुत्या आहेत, स्पष्ट, मुद्दाम काढलेल्या. उत्खननाचे प्रमुख आर्नोल्दो गोन्सालेस क्रूस म्हणाले की हा देव वाटत नाही, आणि पाकालच्या माहीत असलेल्या प्रतिमांशी ताडून पाहता हा म्हातारपणातला पाकाल असू शकतो. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. काही म्हणतात हा म्हाताऱ्या देवांपैकी एक असेल. मी इथे निकाल देणारा कोण?

पण या वादाच्या मागे अजून एक जुना वाद आहे, तो मला फार आवडला. १९५२ मध्ये कबर उघडल्यावर तज्ज्ञांनी हाडं तपासून सांगितलं होतं की हा माणूस मेला तेव्हा चाळीस ते पन्नास वर्षांचा होता. शिलालेख म्हणत होते ऐंशी. मग काही जण म्हणू लागले की राजानं वय फुगवून कोरलंय, प्रचार केलाय. अनेक वर्षं हे चाललं. नंतर वेरा टिस्लर आणि अँड्रिया कुचिना यांच्या गटानं त्या हाडांचा नव्या पद्धतींनी पुन्हा अभ्यास केला. २००६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. निष्कर्ष असा, की माणूस खरोखरच म्हातारा होता. शिलालेख खरं सांगत होते.

म्हणजे बघा. चेहऱ्यावर त्यांनी पाकालला तरुण ठेवलं, पण त्याच पेटीच्या कडेवर जन्माची तारीख आणि मरणाची तारीख कोरली. बारा वर्षांचा होता तेव्हा गादीवर बसला, हे लपवलं नाही. ऐंशीचा होऊन मेला, हे लपवलं नाही. तरुण चेहरा बघणाऱ्या कुणाचीही फसवणूक नव्हती. मूळ माहिती शेजारीच ठेवलेली होती.

आणि मी काय केलं होतं? मूळ फोटो साठवायची सोय बंद केली होती. जागा वाचावी म्हणून.

इथे माझा प्रश्न बदलला. इतके दिवस मी स्वतःला विचारत होतो की फिल्टर वाईट का. फिल्टर वाईट नाही. पाकालच्या माणसांनी लावला, आपण लग्नाच्या फोटोंना लावतो, मेकअप करतो, आजी स्वतः फोटो काढायच्या आधी केसांना तेल लावून चापूनचोपून बसायची. आपल्या माणसाला चांगलं दाखवावंसं वाटणं, यात गैर काय आहे? गैर हे आहे की खालचा माणूस टाकून द्यायचा. खूण पुसायची. आणि मूळ कुठेच ठेवायचं नाही.

मी ऑफिसात दोन गोष्टी मांडल्या. एक, फिल्टर आपोआप चालू नको, ज्याला हवा त्यानं चालू करावा. दोन, फिल्टर लावला तरी मूळ फोटो नेहमी साठवला जावा. पहिली गोष्ट झाली नाही. मॅनेजर म्हणाले, फिल्टर बंद असला की लोक आपला फोटो बघून नाक मुरडतात आणि दुसरं अ‍ॅप घेतात. बरोबर असेल त्यांचं. दुसरी गोष्ट झाली. त्यासाठी तीन आठवडे भांडावं लागलं, कारण फोनची जागा, कारण स्पीड, कारण अमुक. मोठी क्रांती वगैरे नाही. पण आता आमच्या अ‍ॅपमधून कुणाच्या आजीचं गोंदण पुसलं गेलं तर ते परत आणता येईल.

माझ्या आजीचं मात्र आणता आलं नाही. मावशीकडे तिचा एक जुना फोटो निघाला, कुठल्या तरी मुंजीतला, अर्धा हललेला. त्यात ती कुणाला तरी ओरडतेय, तोंड उघडं आहे, आणि हनुवटीवरचे तीन ठिपके दिसतायत. आईनं तोच फ्रेम केला. पाहुणे येतात आणि म्हणतात, अगं, दुसरा चांगला फोटो नव्हता का? आई म्हणते, हाच चांगला आहे.

तर, सुरुवातीला सांगितलेलं काम. गॅलरी उघडा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचा फोटो शोधा. सेटिंगमध्ये जाऊन बघा फिल्टर चालू आहे का, मूळ फोटो साठवला जातोय का. आणि आजच, अगदी आजच, त्यांचा एक फोटो फिल्टर बंद करून काढा. जवळून. खिडकीपाशी बसवून, उन्हाच्या तिरप्या प्रकाशात, म्हणजे सुरकुत्या नीट दिसतील. त्या 'शी, काय हा फोटो' म्हणतील. म्हणू द्या. दुसरा छानसा काढून त्यांना दाखवा. हा तुमच्याकडे ठेवा.

आणि वेळ मिळाला तर पाकालचं ते चुन्याचं डोकं बघा. तुटलेल्या मानेवर ते अजून तसंच आहे, ओठ थोडेसे उघडे.

आजी-आजोबांच्या चेहऱ्यावरची अशी एखादी खूण, जी फोटोत येत नाही पण तुम्हाला पाठ आहे, मला लिहून कळवा. पुढच्या भागात त्यातल्या काही वाचून दाखवीन. तोवर काळजी घ्या. भेटू या!